आईच्या ज्वारीची रात्र

हल्ली हुरडा खायला बोलावणाऱ्यांची काही कमी नाही. हायवेच्या कडेला पाट्या असतात, आत झोपाळे असतात, गाणी कर्कश लावलेली असतात, आणि प्लास्टिकच्या वाटीत कुठलीतरी ज्वारी भाजून वर शेव घालून देतात. शेव! मी एकदा गेले, दोन घास खाल्ले आणि वाटी तशीच खाली ठेवून आले. बरोबरच्या मैत्रिणी म्हणाल्या, तुझं नेहमीचंच, तुला काही चांगलं म्हणून लागत नाही. लागतं हो. पण हुरड्याच्या बाबतीत माझं तोंड लहानपणीच बिघडलंय, आणि ते माझ्या आईनं बिघडवलंय.

आमचं शेत धारूरच्या डोंगराच्या अंगाला. खाली माजलगावकडं उतरलं की धरणाचं पाणी आणि उसाचे फड. आमच्याकडं मात्र दगड, बोरी-बाभळी आणि रब्बीची ज्वारी. विहिरीजवळचा एक तुकडा आईचा होता. कागदावर सगळं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पण त्या तुकड्यात काय पेरायचं ते आई ठरवायची, आणि ती दरवर्षी एकच पेरायची, हुरड्याची ज्वारी. त्या ज्वारीला नाव नव्हतं. घरात सगळे तिला नुसतं ‘आपली’ म्हणायचे. आपली निसवली का, म्हणजे ज्वारीच्या धाटातून कणीस बाहेर पडलं का. आपली हुरड्यात आली का. कणीस जरा वाकडं, दाणे टपोरे, आणि कोवळं असताना भाजून तळहातावर चोळलं की कोंडा आपण होऊन सुटायचा. गूळ लागत नसे तिच्याबरोबर.

हुरडा खाण्याआधी आईचा एक नेम होता. जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या कमरेला खोचून ती तुकड्यात शिरायची, आणि मनाला येतील त्या कणसांना एकेक चिंधी बांधून बाहेर यायची. ती कणसं बियाण्याची. चिंधीच्या कणसाला हात लावला की पाठीत धपाटा. माझा थोरला भाऊ, दादा, त्यानं आणि मी ते धपाटे पुष्कळ खाल्लेत. चिंध्या बांधून झाल्या की मग आगटी पेटायची. जमिनीत उकरलेला खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं, आणि शेजारी आई. भाजायचं तिनं, चोळायचं तिनं, फुंकायचं तिनं आणि खायचं आम्ही. तिच्या वाट्याला काही उरतंय का, हे बघायची आम्हाला शुद्ध नसायची.

अप्पांना होती. पहिलं कणीस ते स्वतः उचलायचे, गरमगरम चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि न बघताच तळहात डावीकडं धरायचे. डावीकडं आई असायची. ती काळ्या बोटांनी तो घास उचलायची आणि पुढच्या कणसाला लागायची. दोघं एक शब्द बोलत नसत. त्या दोघांचं प्रेम म्हणून मी उभ्या जन्मात पाहिलं ते एवढंच, आणि मला ते पुरलं.

पुढं मी शिकले. गंमत बघा, शिकून पोटापाण्यासाठी धरली ती ज्वारीच. शहरातल्या एका कॉलेजात मी शिकवते आणि तिथल्याच प्रयोगशाळेत काम करते. ज्वारीच्या आत कुठलं जनुक कधी जागं होतं, कधी गप्प बसतं, आणि त्याला जागं कोण करतं, हे बघायचं माझं काम. आई विचारायची, “म्हंजी नेमकं काय करतीस गं तू दिवसभर?” मी एकदा तिला भाकरी थापता थापता सांगितलं. म्हटलं, ज्वारीच्या मुळात, पानात, दाण्यात, सगळीकडं जनुकं तीच असतात. तरी मूळ मूळच होतं आणि दाणा दाणाच. का? तर कुठल्या जागी कुणी बोलायचं आणि कुणी गप्प राहायचं, हे ठरलेलं असतं म्हणून. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “मग आपल्या घरासारखंच की. तोंड सगळ्यायला हाय, पण तुजे अप्पा बसले की कोण बोलतंय?” मी हसले, पण खरं सांगते, वर्गात पोरांना शिकवताना त्यानंतर मी हेच उदाहरण देत आले.

लोकांना वाटतं, पीक सुधारायचं म्हणजे बाहेरून काहीतरी आणून त्याच्यात घुसडायचं. तसंही करतात. पण पुष्कळदा लागतं ते सगळं पिकाच्या पोटात असतंच, फक्त त्याची वेळ आपल्या सोयीची नसते. आता आमच्याकडची रब्बीची ज्वारी घ्या. पाऊस गेल्यावर पेरायची, आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर तिनं जगायचं. ओल संपायच्या आत दाणा भरला तर भरला, नाहीतर कडबा. तिला थोडं लवकर निसवायला लावता आलं तर? किंवा दाण्यातली साखर पिठाळ व्हायला लागते, ती थोडी उशिरा व्हायला लागली तर हुरडा चार दिवस जास्त गोड राहील. त्यासाठी नवं काही घालायचं नाही. ज्या कळीनं, म्हणजे बटणानं, हे चालू-बंद होतं ती कळ शोधायची, तिच्यात निसर्गानंच कुठं फरक केलेली ज्वारी गावोगावच्या वाणांत हुडकायची आणि तिच्याशी संकर करायचा. आयुष्य गेलं माझं असली वाणं हुडकण्यात. आणि घरचीच एक मला मिळेना!

आईकडं मी दरवर्षी मागायचे. म्हटलं, मूठभर दे, प्रयोगशाळेत थंड कपाटात ठेवते, वर्षानुवर्षं टिकेल. ती म्हणायची, “तुज्या त्या फ्रिजात? गारठून मरंल ती. न्हाई द्यायची.” बाकीचं धान्य सगळ्या तालुक्याला मापानं देईल, पण हिचा एक दाणा कुणाला नाही, मलासुद्धा नाही. माझा जळफळाट व्हायचा.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. जायच्या आधी तिनं दादाला जवळ बोलावलं आणि आढ्याला टांगलेला वाळल्या भोपळ्याचा तुंबा त्याच्या हातात दिला. त्यात राख घालून ठेवलेलं ज्वारीचं बी. मी तिथंच उशाशी बसले होते. मी, जी बियाण्यावर पोट भरते! मला लागलं ते. आई जातेय याचं दुःख होतंच, पण त्या दुःखात हीही एक सल होती, हे कशाला लपवू.

तो हंगाम आधीच वाईट गेला होता. काढणीला अवेळी पाऊस होऊन ज्वारी काळी पडली होती, त्यामुळं नवं बी धरताच आलं नव्हतं. तुंब्यात होतं ते त्याच्या आदल्या सालचं. पेरणीच्या आधी दादानं तुंबा उघडला तर आत किडे. दाण्याला भोकं पडायला लागलेली. आता परत झाकून ठेवलं तर पुढच्या साली नुसतं पीठ निघणार. त्यानं चाळून, निवडून, जेवढं धड होतं तेवढं सगळं आईच्या तुकड्यात पेरलं. मागं एक दाणा राखला नाही. बरोबरच केलं त्यानं. पण त्याचा अर्थ असा की आईची ज्वारी आता फक्त तेवढ्या तुकड्यात उभी होती. ती आली तर आली, नाहीतर कायमची संपली.

आणि डोंगरातून रानडुकरं उतरतात आमच्याकडं. एका रातीत वावर झोपवतात. दादाला दुसरा घोर नव्हता. त्यानं विहिरीजवळ लोखंडी पाईप उभा केला आणि त्यावर सौरदिवा बसवला. दिवसभर ऊन खायचा आणि अंधार पडला की आपोआप लागायचा, तो थेट उजाडेपर्यंत. लख्ख उजेड. डुक्कर काही फिरकलं नाही. दादानं मला फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं, “आईचं वावर असं उजळलंय बघ, सुई पडली तरी सापडंल.” मला कौतुकच वाटलं त्याचं. मी दुसऱ्याच कामात होते, त्या बोलण्यातून काही सुचायला पाहिजे होतं असं आता वाटतं, तेव्हा नाही सुचलं.

मी गावी गेले ती येळवशीला. वेळ अमावास्या म्हणा पाहिजे तर, आमच्याकडं येळवसच. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभी करतात, आत पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं डोक्यावरून शेतात नेतात. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, बरं का. सगळ्या शेंगा, पालेभाज्या, हरभरा एकत्र शिजवलेली घट्टसर भाजी. ती वर्षातून एकदाच करायची आणि दुसऱ्या दिवशी शिळी जास्त चांगली लागते.

वहिनी वाटेतच मला हळूच म्हणाली, “बाई, त्यांला काही बोलू नका बरं. रोज तिथं जाऊन बसतेत. जेवण बी धड न्हाई.”

“कावून? काय झालंय?”

“तुमीच बघा.”

बघितलं. शेजारच्या वावरातली ज्वारी निसवून, फुलून, दाणा धरायला लागलेली. आमच्याच शेतातली खालच्या अंगाची, विहिरीपासून लांब असलेली दुसरी ज्वारीही निसवलेली. आणि विहिरीजवळचा आईचा तुकडा? नुसता हिरवा गच्च. धाटं माझ्या डोक्याच्या वर गेलेली, पानं लांबलचक, आणि शेंड्याला काही नाही. पोटरीसुद्धा नाही. कणीस बाहेर पडायच्या आधी धाट शेंड्याशी फुगतं, त्याला पोटरी म्हणतात. तिचा पत्ता नव्हता.

दादा बांधावर बसला होता. मला बघून उठलाही नाही.

“खत दिलं, पाणी दिलं, दुकानातून बाटली आणून फवारली,” तो म्हणाला. “काय ऐकंना बघ. लोकं म्हणतेत बी फिरलं.”

मी माझं शहाणपण काढलं. म्हटलं, खत जास्त झालं असेल, पेरणीला उशीर झाला असेल, बी तरी मिसळलं असेल. त्यानं मला मधेच तोडलं.

“मिसळलं न्हाई. मी एकेक दाणा निवडलाय हातानं.” तो म्हणाला. “आईच्या हाताची सवय हुती तिला. माज्या हाताला येत न्हाई ती. आईनं एवढंच सोपवलंतं मला गं. दुसरं काय मागितलं तिनं?”

असला थोराड माणूस, मिशा पिकलेल्या, आणि बांधावर बसून असं बोलतो.

कोपीपाशी आलो तर अप्पा पांडवांपुढं सतरंजीवर बसलेले. त्यांना आता फार चालवत नाही. बैलगाडी राहिली नाही म्हणून मोटारसायकलवर मधे बसवून आणलं होतं. दादानं सकाळीच धारूरच्या बाजारातून हुरडा आणला होता, तो वहिनीनं गरम करून त्यांच्यापुढं ठेवला. अप्पांनी चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

“गोड हाय,” ते म्हणाले. “पण ही आपली न्हाई.”

आणि वाटी सरकवून दिली. मग दादाला विचारलं, “आपली कवा येतीय?” वहिनीनं आंबिलीचं भांडं पुढं करून वेळ मारून नेली.

येळवशीला दिवस मावळताना कडब्याची चूड पेटवायची आणि ती घेऊन शेताला फेरा मारायचा, अशी आमच्याकडची रीत. फेरा पुरुषानं मारायचा. दादानं चूड पेटवली, सगळ्या शेताला फिरला, पण आईच्या तुकड्यापाशी येऊन थांबला. म्हणाला, “तितं कशाला? तितं हाय काय?”

माझं डोकंच फिरलं. आईच्या वावराला फेरा नाही? “आण इकडं!” म्हणून मी त्याच्या हातातली चूड ओढून घेतली आणि निघाले तरातरा. वहिनी मागून म्हणतेय, अहो बाई, पदर सांभाळा, पेटंल! कोण ऐकतंय. विहिरीच्या बाजूनं सुरुवात केली. अंधारून आलं होतं. तेवढ्यात पाईपावरचा दिवा टप्पकन लागला आणि सगळा तुकडा पांढराफेक झाला. चुडीच्या उजेडाचं काही चालेना त्याच्यापुढं. डोळे दिपले म्हणून मी मान खाली घालून चालत राहिले. पलीकडच्या बांधावर आईची बोर आहे, आणि बांधामागंही तुकड्याचा एक कोपरा आहे. दादा कैक वर्षं ती तोडायची म्हणत होता, तिच्यावर पाखरं बसतात आणि कणसं टिपतात म्हणून. आई तोडू द्यायची नाही, संक्रांतीच्या सुगडात घरचीच बोरं पाहिजेत म्हणायची. त्या बोरीच्या आडोशाला मी शिरले तशी गडद सावली पडली, डोळ्यांना बरं वाटलं, आणि माझ्या तोंडावर काहीतरी ओलं, खरखरीत आपटलं.

कणीस.

मी चूड वर धरली. निसवलेलं, दाणा धरू लागलेलं, जरा वाकडं कणीस. त्याच्या पलीकडं अजून एक. त्याच्या मागं अजून. बोरीच्या सावलीची जेवढी पट्टी ज्वारीवर पडली होती, तेवढी सगळी पट्टी निसवलेली होती. पट्टीच्या बाहेर, दिव्याच्या लख्ख उजेडात, एकही नाही. दिवसा ही पट्टी दिसणं अवघडच होतं, कारण ती बांधाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, उंच धाटांच्या मागं होती आणि तिकडून कुणी जात-येत नव्हतं. आता दिव्यानंच सावली पाडून मला ती आखून दाखवली.

मी किती जोरात ओरडले ते मला आठवत नाही. वहिनी म्हणते, तिला वाटलं बाईंचा पदर पेटला.

“दादाऽ! ये इकडं! आधी इकडं ये, मग बोल!”

दादा धावत आला. कणीस हातात धरून तो बघतच राहिला. मी त्याला तिथंच, बोरीखाली उभ्या उभ्या सांगितलं. म्हटलं, ही ज्वारी थंडीनं निसवत नाही, खतानं निसवत नाही. हिची पानं रात्र मोजतात. हिच्यात एक जनुक आहे, ते कणसाला ‘थांब’ म्हणतं. दिवस मोठे असतात, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, तोवर ते जागं असतं आणि थांब थांब म्हणत राहतं. दिवाळीनंतर रात्र मोठी झाली, की ते गप्प होतं. ते गप्प झालं की दुसरं जनुक जागं होतं आणि पानातून शेंड्याला सांगावा धाडतं, की आता पानं पुरे, कणीस धर. म्हणून गावातली ज्वारी एकाच सुमाराला निसवते. प्रयोगशाळेत आम्ही बंद खोलीत दिवे लावून-विझवून हेच करतो. कळ दाबून रात्र लांबवतो, कळ दाबून आखडतो. तुझ्या दिव्यानं ते थांब म्हणणारं गप्पच झालं नाही रे.

दादा दिव्याकडं बघत म्हणाला, “म्हंजी तिला रात झालीच न्हाई.”

“नाही झाली.”

“पेरल्यापून?”

“पेरल्यापासून.”

“आन् मी हितं रोज येऊन बसत हुतो,” तो म्हणाला, “दिवा नीट लागतोय का बघायला.”

मग तो गेला तो सरळ पाईपावर चढला. या वयात! खालून वहिनी ओरडतेय, आहो पडताल! त्या दिव्याला बंद करायचं बटण कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. दादानं डोक्याचा टॉवेल सोडला आणि दिव्याच्या तोंडाला गच्च गुंडाळून गाठ मारली. एकदम अंधार झाला. चूड केव्हाच विझली होती. आईच्या तुकड्यावर त्या सालची पहिली रात्र पडली आणि आम्ही तिघं ठेचकाळत कोपीकडं परत आलो.

अप्पांना दादानं दोन कणसं आणून दाखवली. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यांनी बोटांनी चाचपलं. दाणा चोळून बघितला. “हीच की,” ते म्हणाले. त्यांची इच्छा आम्हाला दिसत होती. सावलीतली कणसं होती मोजकीच, थोड्या दिवसांत हुरड्यात येणार होती. अप्पांपुरता हुरडा सहज निघाला असता. दादा म्हणालाही, “अप्पा, तुमच्यापुरतं भाजू.” अप्पांनी मान हलवली.

“न्हाई. आदी चिंध्या बांधा.”

वहिनीनं दुसऱ्या दिवशी आईचं एक जुनं लुगडं काढलं. दादानं सावलीतल्या सगळ्याच्या सगळ्या कणसांना चिंध्या बांधल्या. निवडायला जागाच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, आईच्या वेळी दिवा नव्हता, म्हणजे आईला हे ठाऊक असणार. काही नाही! आई ज्वारी राखायला रात्री डबा बडवत बसायची ती अंधारात, कारण घरात कंदील एकच होता आणि तो आम्हाला अभ्यासाला लागायचा. ज्वारी धुक्यानं निसवते, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. ते साफ चूक होतं, आणि मी तिच्याशी त्यावरून भांडलेही आहे. बोरीचंही तेच. तिला सुगडासाठी बोरं पाहिजे होती, बस. उगाच माझ्या आईला ऋषी-मुनी करू नका. ती आई होती तेवढं पुष्कळ आहे.

दिवा झाकला म्हणून डुकरं काही सोडून देणार नव्हती. दादा रात्रीचा शेतात मुक्कामाला जायला लागला, डबा आणि काठी घेऊन, अंधारातच. मी बजावून सांगितलं होतं, मोबाइलची बॅटरीसुद्धा ज्वारीवर मारायची नाही. मी परत कामावर आले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाकीचा तुकडा निसवेल का, याची मला खात्री नव्हती. रात्र कळायला, शेंड्यात कणीस घडायला, ते वर यायला वेळ लागतो. तोवर ऊन चढणार, ओल आटणार, आणि विहिरीला पाणी किती, ते आम्हालाच माहीत. सावलीतल्या त्या कणसांतून उद्या दाणा भरला नाही, पाखरांनी टिपला, तर सगळं तिथंच संपणार होतं.

रोज संध्याकाळी मी फोन करायचे. “काय म्हणतीय?” दादा म्हणायचा, “काय न्हाई अजून.” वहिनी मागून म्हणायची, बाईंना सांगा, ज्वारीची नाडी बघायला रोज फोन नका करत जाऊ, तिला लाज वाटंल. मी चिडायचे. दुसऱ्या दिवशी परत करायचे. संक्रांत झाली. सावलीतली कणसं पिकली, दादानं ती उतरवून, झोडून, दाणे उन्हात टाकले, तेव्हा मला निम्मा जीव आला. बी तरी वाचलं. मग एका दिवशी त्याचाच फोन आला, भर दुपारी, मी वर्गात होते.

“पोटरी धरली,” तो म्हणाला. “सगळ्या वावरानं.”

मी वर्गाला सांगितलं, आजचा तास झाला. पोरं भलतीच खूष झाली.

आमच्याकडं शिमग्याला हुरडा कुणी ऐकला नव्हता. हायवेवरच्या झोपाळेवाल्यांनी पाट्या केव्हाच उतरवल्या होत्या. सगळ्यांची ज्वारी काढून, झोडून, कडबा रचून झालेला, आणि आमच्या तुकड्यात हिरवी कणसं डोलताहेत. दादाला जाता-येता लोक चिडवायचे, “काय बे, तुझी ज्वारी कॅलेंडर बघत न्हाई का?” तो म्हणायचा, “बघती. आमीच चुकीचं लावलंतं.”

मी शिमग्याला गेले. ऊन कडक झालेलं, काही धाटं वाळलेली, कणसं नेहमीपेक्षा लहान. पण दाणे टपोरे. दादा कमरेला चिंध्या खोचून तयारच होता. आमच्या दोघांचे वाद झाले, कुठलं बांधायचं आणि कुठलं नाही. मी म्हणत होते लवकर निसवलेलं बांध, तो म्हणत होता आईसारखं वाकडं बघून बांध. शेवटी दोन्ही बांधली. मग त्यानं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. सावलीतलं बी.

“निम्मं तुझ्याकडं ठिव,” तो म्हणाला. “तुझ्या त्या फ्रिजात.”

“आईला नाही आवडायचं.”

“आईला मी सांगतो. एका जाग्यावर नको आता.”

आगटी विहिरीजवळच केली. भाजायला मी बसले, कारण आता दुसरं कोण बसणार. बोटं भाजली, कोंडा डोळ्यांत गेला, आणि आई हे एवढी वर्षं कसं करत होती कोण जाणे. पहिलं कणीस अप्पांनी मागून घेतलं. त्यांच्या हातांना कंप आहे, तरी त्यांनीच चोळलं, त्यांनीच फुंकर मारली. आणि तळहात डावीकडं धरला.

डावीकडं कुणी नव्हतं.

अप्पांचा हात तसाच होता. त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, का आलं होतं आणि मागं घेववत नव्हता, मला ठाऊक नाही. दादा उठला, मधली सतरंजी ओलांडून त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसला आणि त्या तळहातावरचा घास उचलून त्यानं तोंडात टाकला.

“हीच हाय का?” अप्पांनी विचारलं.

दादाच्या तोंडात घास होता. त्यानं नुसती मान हलवली, पण अप्पांना दिसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून त्यानं त्यांचा हात हातात घेऊन दाबला. मग अप्पांनी दुसरं कणीस चोळलं आणि स्वतः खाल्लं. सावकाश, डोळे मिटून.

“हीच,” ते म्हणाले.

मी रडले. डोळ्यांत धूर गेला म्हणायची सोय नव्हती. आगटीत नुसता लाल विस्तव होता, धुराचं नाव नव्हतं.